तपासणीचा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार

दादाचं मशीन पुन्हा गोठलं! सकाळी अकराला, ऐन कामात. तो ऑफिसचा मालक, आणि आम्हा तिघांच्या सगळ्या फाइली त्याच्याच म्हाताऱ्या संगणकात राहतात, त्यामुळे ते मशीन बसलं की ऑफिस बसतं. मिरची म्हणाली, "हा सर्व्हर नाही हो, आजोबा आहेत. हाक मारली की आधी खोकतात." (आमची सगळ्यात लहान डिझायनर. जिभेवरून नाव पडलंय.) दादासुद्धा हसला. मग मला म्हणाला, "घेऊन टाकू खरा सर्व्हर. तू चौकशी कर. असल्या गोष्टींत तुझाच पुढाकार असतो."

मी घाबरले. चांगल्या बातमीनं!

४ फेब्रुवारी

का घाबरले ते लिहून टाकते. दुसरीकडे कुठे बोलणार?

जूनपासून दादाच्या नकाशांत आकडे उलटे पडायला लागलेत. ७२८ चे ७८२. दाराची उंची खिडकीला. पहिल्यांदा वाटलं, घाई. मग दर आठवड्याला एक तरी. हा तोच माणूस, ज्यानं मला पट्टी कशी धरायची ते शिकवलं! तीस वर्षांत कपाटं, काउंटर, दवाखान्यांचे ओटे – एकाचंही माप चुकलं नव्हतं.

आमच्याकडे नियम त्याचाच. नकाशाच्या कोपऱ्यात चौकट असते – आखणी अमुक, तपासणी तमुक. दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. पण दादाचे नकाशे कोण तपासणार? दोन्ही रकान्यांत त्याचंच नाव. आजवर कुणाची टाप झाली नाही.

म्हणून मी रोज पावणेआठला येते. माझ्या टेबलावरून त्याच्या फाइली उघडते, मापांच्या वहीशी ताडून बघते, चुकलेलं दुरुस्त करते, बंद करते. तो दहाला येतो. जुन्या मशीनमध्ये फाइल कधी बदलली एवढंच दिसतं, कुणी ते नाही. झाकली मूठ.

६ फेब्रुवारी

वायरवाला येऊन गेला. नेटवर्कची जोडणी त्यानंच केलेली, म्हणून सर्व्हरही तोच देणार. तीन वाटा सांगितल्या. एक, इंटरनेटवर जागा भाड्यानं घ्यायची. पण आमची लाइन कासवाची, आणि नकाशे हत्तीचे. दोन, जुन्याच मशीनला मोठी डिस्क. तीन, डबा – चपलांच्या खोक्याएवढा, आत दोन डिस्क, एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. "आणि ताई, यात प्रत्येक फाइलचा इतिहास राहतो. कुणी, कधी, काय बदललं. जुनी प्रतही परत काढता येते. कुणाला नाही म्हणायची सोय नाही!"

एवढं खूश होऊन सांगत होता. मी पाणी प्यायला उठले.

१० फेब्रुवारी

दुसऱ्या वाटेची बाजू घेऊन अर्धा तास बोलले. "चालतंय ते कशाला मोडायचं?" मी! जिनं तीन वर्षं नव्या मशीनसाठी डोकं खाल्लं! मिरची बघतच राहिली. दादा म्हणाला, "तब्येत बरी आहे ना गं तुझी?"

माझी?

१२ फेब्रुवारी

तब्येत खरंच बिघडली. कालपासून एकशे दोन ताप. नकाशे कोण बघत असेल!

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज गेले. एकच चूक सापडली. दवाखान्याचं औषधांचं कपाट, भिंतीच्या खाचेत बसायचं. वहीत माप १६४५, नकाशात १६५४. नीट केलं. सुटले.

दादानं विचारलं, "बरी आहेस?" आणि माझ्या टेबलावर आल्याचा चहा ठेवून गेला. मला रडू यायला लागलं. तापामुळे असेल.

२४ फेब्रुवारी

करायला गेले काय आणि उलटे झाले पाय.

कपाट खाचेत गेलंच नाही. नऊ मिलिमीटरनं मोठं. नकाशाची प्रिंट तेरा तारखेलाच सुतारमामांकडे गेली होती, मी तापात पडलेली असताना! चुकीचं माप घेऊन गेली. फाइल मी नीट केली ती त्यानंतर, आणि प्रिंट निघाली का हे विचारलंसुद्धा नाही.

दादानं मामांना ऑफिसात बोलावलं. मिरचीसमोर, माझ्यासमोर फाइल उघडली. "हे बघा. सोळाशे पंचेचाळीस! स्वच्छ लिहिलंय. आता मापंही वाचता येईनात का?"

बावीस वर्षं ज्या माणसानं आमची कामं केली, तो खाली मान घालून उभा. म्हणाला, "चुकलं असेल दादा. नवीन करून देतो."

मी तिथेच उभी होते. लाज वाटते. लिहितानाही वाटते.

२५ फेब्रुवारी

मामांच्या कारखान्यात गेले. ते कपाट खोलत होते, एकेक स्क्रू काढून डबीत ठेवत. म्हटलं, "मामा, तुमचं चुकलेलं नाही."

"माहीत आहे ताई. कागद खिशातच होता."

"मग दाखवला का नाहीत?"

त्यांनी फळीवरचा भुसा झटकला. "चारचौघांत काढून काय दाखवायचं? दादांचे आकडे मधूनमधून इकडचे तिकडे होतात. दोनदा मी इथंच निस्तरलंय. या वेळी खाच मी मोजली नव्हती, एवढीच माझी चूक."

म्हणजे आम्ही दोघंही तेच करत होतो! दोघंही दादाला सांभाळत होतो, आणि शेवटी बोल लागला तो मामांना. तोही माझ्या दुरुस्तीमुळे. फाइल तशीच राहिली असती तर दादाला स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसली असती.

घरी येताना ठरवलं, उद्या सांगायचं.

२६ फेब्रुवारी

नाही सांगितलं. त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. तो पेन्सिलीला टोक करत बसला होता, आणि गुणगुणत होता. परत आले.

पण दुपारी म्हटलं, "डबाच घेऊ. इतिहास ठेवणारा." दादा चष्म्यावरून बघत राहिला. "परवा तर नको म्हणत होतीस."

"मत बदललं."

"बरं," म्हणाला. "घेऊ."

स्वतःला बोलायचं धैर्य नाही म्हणून डब्याला बोलायला लावतेय. भित्री कुठची!

२७ फेब्रुवारी

भीती नक्की कशाची? तो रागावेल याची नाही. आपल्याला काहीतरी होतंय हे त्याला कळेल, आणि ते कळताना त्याचा चेहरा मला बघावा लागेल, याची.

१ मार्च, शनिवार

डबा बसला. हिरवा दिवा लागला. वायरवाला जुन्या फाइली त्यात ओतत होता आणि पडद्यावर यादी सरकत होती. मध्येच म्हणाला, "दादा, तुम्ही इतक्या सकाळी येता की काय? तुमच्या बऱ्याच फाइली पावणेआठच्या सुमारास बदललेल्या दिसतात."

मिरची म्हणाली, "दादा? पावणेआठला? ते तर..."

"येतो कधीकधी," दादा म्हणाला. "सकाळी डोकं शांत असतं."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नंतर वायरवाल्याकडून इतिहास कसा बघायचा ते दोनदा समजून घेतलं, कागदावर लिहून घेतलं. संध्याकाळी मामांच्या कारखान्यावर जातो म्हणून एकटाच निघून गेला. मला चल म्हणाला नाही.

रविवार

वहिनीचा फोन. "आज सुट्टीच्या दिवशी हे ऑफिसात काय करतायत गं?" मला काय माहीत! जावं का तिथं? गेले नाही.

३ मार्च, सोमवार

सवयीनं पावणेआठला आले. डब्यातला इतिहास उघडला. काल, रविवार, सकाळी दहा ते चार – दादा. त्रेचाळीस नकाशे उघडलेले. जूनपासूनचे. मी हात लावलेले सगळे, एकही सुटलेला नाही. प्रत्येकात एकच बदल, कोपऱ्यातल्या चौकटीत. तपासणीच्या रकान्यातलं स्वतःचं नाव खोडून बेचाळीस ठिकाणी माझं नाव घातलंय.

दवाखान्याच्या कपाटावर लिहिलंय – तपासणी : सुतार.