कसाऱ्यात बर्फ

द्वारका, नवी दिल्ली
नोव्हेंबर २००९

प्रिय बाबा,

नमस्कार आधीच करून टाकते, कारण पुढे या पत्रात तो कुठे बसेल असं वाटत नाही. मी रागावले आहे. अविनाशवर, त्याच्या कंपनीच्या त्या भल्लासाहेबांवर, आणि तुमच्यावरसुद्धा. सुनेने सासऱ्याला असं लिहावं का, असं सुमित्राआत्यांना वाटेल, तेव्हा हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नका. फोनवर हे सगळं बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याला थांबवता. कागदाला तुम्ही थांबवू शकत नाही. तर पहिली बातमी ही की डोंगर घरी आला आहे. मी जाऊन आणला. कोणत्या अवस्थेत आहे ते पुढे सांगते, आधी मला थोडं भांडू द्या.

मागची छोटी खोली तुम्ही तुमच्या रेल्वेसाठी मागितलीत तेव्हा मी काय तोंड केलं होतं, आठवतं ना? रेल्वे भवनातून रिटायर झालेला माणूस घरात पुन्हा रेल्वेच मांडणार, तीही तळहातावर मावणाऱ्या डब्यांची, म्हणजे कमालच झाली, असं मी आईला माहेरी फोन करून सांगितलं होतं. मग एका रविवारी तुम्ही बारीक तारेची जाळी वाकवत बसला होतात आणि तुम्हाला दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. मी धरलं. त्यानंतर बँकेतून आले की चहाचा कप घेऊन मी त्या खोलीतच यायला लागले. तुमचं लहानपण इगतपुरीला गेलं, तुमचे वडील घाटात इंजिनावर होते, आणि कसाऱ्याला गाडीमागे ढकलणारं इंजिन जोडतात तेव्हा बसणारा तो धक्का, हे सगळं मला जाळीवर कागद चिकटवता चिकटवता कळलं. वर्तमानपत्राच्या पट्ट्या, मैद्याची खळ, त्यावर प्लास्टर. माझे हात आठवडाभर पांढरे दिसायचे, आणि कॅशियर पुरी मॅडम विचारायच्या, घर में पुताई चल रही है क्या?

मी करोलबागेत वाढलेली मुलगी. माझ्याकडे सगळ्याला एकच शब्द होता, पहाड. मी पहिला उंचवटा केला तो वर टोकदार, आणि तुम्ही तो हसत हसत सुरीने सपाट कापलात. म्हणालात, "हा सह्याद्री आहे उल्का, आइसक्रीमचा कोन नाही." मग कडा कशाला म्हणतात, सोंड कशाला, घळ कुठे असते आणि खिंड कुठे, हे मी बोट फिरवून शिकले. प्लास्टर ओलं असतानाच आडवे थर कोरायचे, कारण आपला दगड एकावर एक थरांनी बसलेला आहे. पोळ्या गुंडाळायची फॉइल चुरगाळून तिच्या साच्यात खडक ओतायचे. रंग आधी पातळ, तपकिरी. तो वाळला की पाण्यासारखा काळा, तो आपोआप भेगांत उतरतो. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून नुसता फिरवायचा. त्या दिवशी प्लास्टरचं ते ढेकूळ माझ्या डोळ्यांदेखत दगड झालं. रिजच्या टेकडीवर हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला फिरायला गेलो होतो तिथली माती मी रुमालात बांधून आणली, चहाच्या गाळणीने चाळली, आणि तुम्ही ती बोगद्याच्या तोंडाशी पसरलीत. मागचे डोंगर फिकट निळे ठेवायचे, म्हणजे ते दूर वाटतात, हेही तुमचंच. पण धबधबा माझा आहे, बाबा. कापसाचा नको, पारदर्शक गोंदाच्या तारा ओढू, हे मी सुचवलं होतं. हे सगळं अशासाठी लिहिते आहे की तो डोंगर तुमच्या एकट्याचा होता आणि तुम्ही तो एकट्याने सोडून देऊ शकता, असं तुम्ही समजू नये.

तुम्ही ग्वाल्हेरला मित्राच्या साठीशांतीला गेलात आणि अविनाशने कंपनीची गाडी मागवून डोंगराचा भाग उचलून मानेसरला कंपनीत नेला. मला म्हणाला, परदेशी पाहुणे येणार आहेत, रिसेप्शनमध्ये काहीतरी हटके हवं आहे, चार दिवसांचा तर प्रश्न. मी म्हटलं बाबांना विचार. म्हणाला विचारतो. तुम्ही परत आलात, बॅग हातात घेऊन त्या खोलीच्या दारात उभे राहिलात. टेबलावर नुसते रूळ, ते डोंगर असायचा तिथे येऊन तुटलेले. अविनाशने सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त "अच्छा" म्हणालात. चार दिवसांचे तीन आठवडे झाले तरी तुम्ही विचारलं नाहीत. मग एकदा जेवताना त्याने कौतुकाने मोबाइलवर फोटो दाखवला. पाहुणे सुटाबुटात उभे, आणि मागे आपला घाट पांढराशुभ्र. कसाऱ्यात बर्फ! तुम्ही फोटो पाहिलात, "छान आहे" म्हणालात, ताकभात संपवलात, आणि पुढच्या आठवड्यात आत्याला भेटून येतो म्हणून मिरजेला गेलात. त्याला आता दोन महिने होतील. बहिणीला भेटायला कोणी गरम कपड्यांची ट्रंक घेऊन जातं का?

मी परवा रजा टाकली, मार्केटमधला टेम्पो ठरवला आणि मानेसरला गेले. गेटवर गार्डने गेटपास मागितला. मी म्हटलं, "भैया, पास नहीं है, पहाड लेने आई हूँ." त्याला वाटलं, बाई ठीक नाही, आणि त्या नादात त्याने मला आत सोडलं. बाबा, फोटोत काहीच दिसत नव्हतं. त्यांनी पंपाने पांढरा रंग मारला आहे, कडे, घळी, सगळ्यावर. माझ्या धबधब्यामागे निळा बल्ब. आपण एक एक काटकी निवडून केलेली झाडं उपटून तिथे केकवर लावतात तसली प्लास्टिकची टोकदार झाडं. गाडी काढून ठेवली आहे, कुठे ते कोणालाच माहीत नाही, आणि रुळांवर, रुळांवर बाबा, खेळण्यातल्या मोटारी चिकटवल्या आहेत, कारण कंपनी मोटारींचे आरसे बनवते. मी तिथेच सोफ्यावर बसले. भल्लासाहेब स्वतः बाहेर आले. "भाभीजी, कैसा लगा? बिल्कुल कश्मीर ना?" मी उठून उभी राहिले. म्हटलं, "सर, ये कसारा है. यहाँ बर्फ नहीं गिरती." ते हसले आणि म्हणाले, अंकलजींना दुसरा बनवायला सांगा, सामान का खर्चा हम दे देंगे.

मग मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. इतकं आठवतं की मी आवाज चढवला होता आणि रिसेप्शनवरची मुलगी फोन उचलायची विसरली होती. मी म्हटलं, आमच्या घरातून न विचारता नेलेली वस्तू आहे, मी घेऊन चालले. तेवढ्यात अविनाश जिन्यावरून धावत आला. पांढराफटक. मला हळू आवाजात मराठीत म्हणाला, "उल्का, घरी बोलू. प्लीज." मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोंगराचं एक टोक धरलं आणि उचलायला गेले. तो केवढा जड आहे हे मला माहीत होतं, तरी उचललं. एक बाजू वर आली, प्लास्टिकची दोन झाडं खाली पडली, आणि मी तशीच वाकून उभी. कोणी हलेना. भल्लासाहेब अविनाशकडे बघत होते. अविनाश त्यांच्याकडे. मला वाटलं आता हा मला खाली ठेवायला सांगणार, आणि तसं झालं तर मी टेम्पोत बसून सरळ करोलबागेला जाणार होते, हे तुम्हाला खरं सांगते. पण तो आला आणि त्याने दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी तो काचेच्या दारातून बाहेर काढला. साहेब त्याच्याशी अजून बोलत नाहीत. नाही बोलले तर नाही.

घरी आल्यावर त्याने चहासुद्धा घेतला नाही. जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन पांढरा रंग काढायला बसला. पांढऱ्याबरोबर आपला काळाही निघतो, बाबा. खालचं प्लास्टर दिसायला लागलं, तरी हा घासतोच आहे. मी म्हटलं, अरे थांब, त्याने बिघडतंय. तेव्हा तो रडला. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, तुमच्या घरच्या आई गेल्या तेव्हाही नाही. आणि त्याला रडू डोंगरामुळे आलं नव्हतं, खरं कारण त्याने मला त्या रात्री सांगितलं.

आईंना हिंदूरावला ठेवलं होतं तेव्हा अविनाश शेवटच्या दिवशी उशिरा पोचला. तुम्ही गेटपाशीच त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, जाऊ दे, तुला रजा मिळाली नसणार. त्याला रजा मिळाली होती, बाबा. मंजूर होऊन हातात होती. कंपनीत मोठी तपासणी होती, साहेब खूश होतील, आई काय आजच थोडीच जाणार आहे, असं म्हणून तो स्वतःहून थांबला. हे तुम्हाला सांगायचं म्हणून तो बसमध्ये वाक्यं जुळवत आला होता. तुम्ही त्याला तोंड उघडू दिलं नाहीत. तुम्ही चांगुलपणानेच केलंत, मला ठाऊक आहे. पण ते वाक्य त्याच्या घशात तेव्हापासून तसंच अडकलेलं आहे. तुम्ही समोर आलात की हा पेपर वाचतो, टीव्ही लावतो, तुम्हाला न विचारता वस्तू नेतो, कारण तुमच्याकडे काही विचारायला गेलं की ते दुसरं आधी ओठावर येतं. मी त्याची बाजू घेत नाही. त्याने केलं ते वाईटच केलं, दोन्ही वेळा. आणि काल मी तुम्हाला फोन करून म्हटलं डोंगर आणला, तर तुम्ही काय म्हणालात? "जाऊ दे गं, कागद आणि प्लास्टरच तर होतं." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात भांडी आपटली. तुमचा डोंगर कोणी विद्रूप करतं, आणि तुम्ही एकाही माणसाला लाज वाटू देत नाही! क्षमा करायचीच असेल तर समोरच्याला आधी ती मागू तरी द्या. तुम्ही इतक्या लवकर देऊन टाकता की ती त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आता मी हे पत्र का लिहिते आहे ते सांगते, आणि ते स्पीडपोस्टने का पाठवते आहे तेही. अविनाशने पुढच्या शुक्रवारचं गोवा एक्स्प्रेसचं तिकीट काढलं आहे, निजामुद्दीन ते मिरज, एकट्याचं. मी तुम्हाला लिहिलं हे त्याला माहीत नाही. तुम्ही परत या असं मी म्हणत नाही, तो तुमचा प्रश्न. डोंगराबद्दलही आत्ता काही मागत नाही. एवढंच करा. तो दारात उभा राहिला की त्याच्या पाठीवर हात ठेवू नका. आत घ्या, पाणी द्या, समोर बसवा, आणि गप्प राहा. तो आधी हवापाण्याचं बोलेल, गाडी किती लेट झाली ते सांगेल, मग अडखळेल. तुमच्या ओठांवर ते दोन शब्द येतील. गिळा, बाबा. तो आईंबद्दल पहिल्यांदा बोलणार आहे. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत थांबा, आणि मग तुम्हाला राग आला असेल तर, मी हात जोडून सांगते, एकदा मनापासून रागवा त्याच्यावर.

अजून धुसफुसत असलेली, पण तुमचीच,
उल्का