मामांनी उघडलेली लेन्स

तीर्थरूप मामांना रागावलेल्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे, रागही.) मामींचा खोकला थांबला का? तुमच्या गुडघ्याची चौकशी मात्र करणार नाही, कारण दुखतोय म्हणालात तर मला दया येईल, आणि आज मला ती यायला नको आहे.

विषय तुमच्याकडच्या दोन जुन्या लेन्सांपैकी तुम्ही मला दिलेल्या एकीचा. "नव्या लेन्सांना जीव नसतो गं, ही तुझ्या आईच्या वयाची आहे, डोंगर काढ, बघत राहशील!" असं म्हणून मधल्या अडॅप्टरच्या कडीसकट तुम्ही ती माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवून दिलीत. मामा, मी दिवसभर इस्पितळात एक्स-रे काढते. केसाएवढी चीर दिसेल इतकी लोकांची हाडं साफ काढते. आणि आमच्याकडे पेशंट थांबतात त्या बाहेरच्या खोलीसाठी मोठ्या डॉक्टरांनी डोंगराचा एक फोटो मागितला (भिंतीला ओल आली आहे, ती झाकायला), तर तो मला काढता येऊ नये? तेही स्टोअरकीपर तिथे 'शांतता राखा'ची पाटी ठोकायला टपलेला असताना?

रविवारी सकाळी तळ्यासमोरची टेकडी चढले. नवरा ड्यूटीवर, म्हणून सासूबाई सोबत. हातात छत्री, तोंडात सूचना. वर पोचून बटण दाबलं, तर कॅमेरा ढिम्म. पडद्यावर आलं, लेन्स जोडलेली नाही. सासूबाईंनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, मग जोड ना!" जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला ओळखू येत नाही, म्हणून 'लेन्स दिसली नाही तरी फोटो काढ' असं त्याला आधी सांगून ठेवावं लागतं, हे तुम्हाला माहीत होतं. बोलला नाहीत. ती सोय मेनूत शोधण्यात पाऊण तास गेला, आणि ज्या कोवळ्या उन्हासाठी धापा टाकल्या होत्या ते तोवर टळटळीत झालं.

मग फोकस. हातानं फिरवायचा, फिरवला. लेन्सवरची कडी शेवटाला जाऊन अडली तरी डोंगर आपला पिठाच्या ढिगासारखा. पंधरा पावलांवरच्या गवताचं मात्र पातं न् पातं मोजून घ्या! तुम्हाला फोन केला तर विचारता, "स्वप्नाळू दिसत असेल ना?" आणि मग हळूच, "तेल घालायला उघडली होती मी. परत बसवताना एखादा आटा चुकला असेल." एखादा आटा! चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करताय, गिऱ्हाइकाला कधी सांगितलंत का, की तासकाटा जरा स्वप्नाळू आहे म्हणून?

तेवढ्यात शेळ्यांचा कळप आडवा आला. सासूबाई छत्री उगारून "हूट! हूट!" करत मधे धावल्या आणि चिडचिडीत माझं बोट बटणावर दाबलं गेलं. नेमक्या पंधरा पावलांवर! सुरकुती न् सुरकुती, उगारलेली छत्री, वासलेलं तोंड, सगळं लखलखीत. मागे डोंगर नुसता गोल गोल विरघळलेला. मोठ्या डॉक्टरांना पंचेचाळीस फोटो दाखवले. ते याच एकावर थांबले. "हाच." मी विनवण्या केल्या, हवं तर पाटीच लावा म्हटलं. नाही. आता सासूबाई पाच फूट रुंद होऊन भिंतीवर आहेत. रडणारी मुलं त्यांच्याकडे बघून श्वास रोखून उभी राहतात (एक्स-रे पहिल्या फटक्यात साफ येतो, ते सोडा), आणि सासूबाई सहा दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत. आमचं बोलणं नवऱ्यामार्फत चालतं, आणि तो निम्मं विसरतो.

याला जबाबदार तुम्ही. लेन्स पार्सलनं परत पाठवते आहे. नीट करा, नाहीतर तुमच्या बंद घड्याळांच्या शेजारी ठेवून द्या. मामींना नमस्कार.

तुमची (नाइलाजानं) भाची

ता. क. सासूबाई काल पाठ दुखते म्हणून एक्स-रेला आल्या. सोबत चार मैत्रिणी. पाठीत काही निघालं नाही. पाचही जणी फोटोखाली तासभर बसून होत्या.

ता. क. २. पार्सल हलकं लागलं म्हणून उघडलं, तर आत नुसता कागद. लेन्स सासूबाईंच्या कपाटात, कुलपात. "माझा इतका चांगला फोटो लग्नातसुद्धा आला नव्हता," म्हणाल्या. थेट मला. आता त्या चौघींनाही टेकडीवर यायचं आहे, पण सासूबाई 'आपली' लेन्स परक्यांसाठी काढू देत नाहीत. तेव्हा तुमच्याकडची ती दुसरी पाठवा. आधी उघडा. आणि मामा, हात जोडते, अगदी तोच आटा चुकवा.