तारीख नसलेली परवानगी

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याची चौकशी शेवटी करीन, आधी रागावून घेते.

रुग्णालयाच्या ज्या औषधविभागाला तू वीस वर्षं सांभाळलंस, तिथे आज मला अतिशहाणी ठरवलं. ज्या बाळांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी शिरेतून द्यायच्या पोषणाच्या पिशव्या मी भरते. त्यातलं बाळांसाठीचं अमिनो आम्लांचं द्रावण संपलं, तर तुझ्या जागी आलेल्या साहेबांनी मोठ्यांचं वापरायला सांगितलं. दोन्ही बाटल्यांवर दहा टक्केच लिहिलंय, मग बिघडलं कुठे, असं त्यांचं म्हणणं.

मी दोन्ही बाटल्यांची माहितीपत्रकं शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडली आणि तक्ता केला. बेरीज सारखी, आतला माल वेगळा. तान्ह्या बाळांना बाहेरूनच द्यावी लागणारी अमिनो आम्लं बघ: मोठ्यांच्या द्रावणात टॉरीन औषधालाही नाही, सिस्टीन नावापुरतं; आणि कोवळ्या यकृताला न झेपणारं मेथिओनिन जवळजवळ दुप्पट. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या पोरीच्या यकृताने हे कसं निस्तरायचं? साहेब म्हणाले, तक्ता सुबक आहे, फ्रेम करून लाव.

पुरवठादार दोन दिवसांत माल देतो, पण साहेब मागणीच करत नाहीत. का, तर भिंतीवर या बदलाची परवानगी चिकटवलेली आहे. खालची सही मी लहानपणापासून ओळखते. मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘कधी उघडली, कधीपर्यंत’ लिहायला तूच शिकवलंस ना? मग या कागदावर ‘कधीपर्यंत’ का नाही?

आजची पिशवी मी भरली, कारण पोरीला उपाशी ठेवणं त्याहून वाईट.

गुडघा कसा आहे? माझ्या रागासकट मला आपली म्हण.

तुझी भाची

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा दुखतो आणि तुझं पत्र त्याहून जास्त. मला जाब विचारतेस? विचार, हक्क आहे तुझा.

अकरा वर्षांपूर्वी माल अडकला होता. सहा दिवसांचा प्रश्न होता. तो सहा दिवसांचाच आहे हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की कागदाला सांगायचं राहूनच गेलं.

तुझ्या साहेबाला फोन केला. म्हणाला, निवृत्त बाईच्या शब्दाला आता किंमत नाही. मी म्हटलं, मग माझी सही भिंतीवरून काढ. फोन ठेवला मेल्याने. परवानगी रद्द केल्याचं पत्र सोबत आहे.

पण तू बालविभागाच्या डॉक्टरीणबाईंना तक्ता दाखवलास का? नसशीलच. साहेबाशी भांडून कोपऱ्यात नाक पुसत बसली असशील. ऊठ आणि जा.

चुकलेल्या आत्याचाही थोडा लळा ठेव.

आत्या

९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नाक पुसलं आणि गेले. डॉक्टरीणबाईंनी तक्ता उभ्याउभ्या वाचला आणि मला सोबत घेऊन थेट अधीक्षकांकडे गेल्या. माल आज सकाळी आला. पोरीला आता तिचं द्रावण मिळतंय. मधले पाच दिवस मात्र दुसरं गेलं. यकृताची तपासणी उद्या आहे. तोवर मला जेवण जाणार नाही आणि तुझ्यावरचा रागही उतरणार नाही.

भिंतीवरचा कागद काढला. त्याच्या जागी तुझं रद्दपत्र लावायला घेतलं, सवयीने दोनदा वाचलं. आत्या, त्यावर तारीख नाही. मला लिहिलेल्या पत्रावरही नाही.

रद्दपत्र परत पाठवते आहे. तारीख घाल, मगच माया कर.

तुझी भाची