मोर्शीच्या शाळेवरची चिंच

चाचा,

आज अकोल्यात एका घरावर वाकलेला कडुनिंब कापून उतरवला. कमरेला पट्टा होता, डोक्यावर हेल्मेट होतं, खाली दोर धरून दोन माणसं होती. तरी फांदीवर पाय ठेवताना भीती वाटलीच. या कामात वीस वर्षं झाली, ती काही जात नाही.

तुमच्याकडे हे काम शिकायला आलो तेव्हा मी तिशीचा होतो, कापसाची जिनिंग गिरणी बंद पडल्यानं घरी बसलेला. अमरावतीत कुणाच्या छपरावर झाड वाकलं की लोक तुम्हालाच बोलवायचे. पहिले पंधरा दिवस तुम्ही मला फक्त गाठी मारायला लावल्या. मग मोर्शीच्या त्या शाळेच्या छपरावर वाकलेली चिंच. मी वर गेलो, करवत काढली आणि डावा हात फांदीला चिकटूनच बसला. पाय लटलट कापतायत, खालून हेडमास्तर विचारतायत काय झालं. तुम्ही साठीचे. चपला काढून वर आलात, माझ्या शेजारी बसलात. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार.

"खाली पाह्य," तुम्ही म्हणालात. "काय दिसून राहिलं, सांग मले."

सगळे तर खाली बघू नको म्हणतात. मी बघितलं. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या, भिंतीला टेकवलेली सायकल, हापशीवर भांडी घासणारी बाई. एकेक सांगत गेलो. हापशीपाशी आलो तोवर पाय थांबले होते.

"भेव जात नाई, बेटा. त्याले कामाले लावाचं."

एवढं बोलून तुम्ही उतरलात. ती फांदी मीच कापली. खाली आल्यावर मात्र तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलं. माझ्या कमरेच्या दोराला, पहिली सुटली तर धरणारी, दुसरी गाठच नव्हती. वर बसल्या बसल्या ती तुम्ही मारून दिली होती, मला कळूही न देता.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी धारणीकडे कामावर होतो. मातीला आलो नाही. नंतर चाचींना सांगितलं, रस्ता खराब, बस मिळाली नाही. त्यांनी मान हलवली, चहा ठेवला.

चाचा, बस होती. मी स्टँडवर उभा राहून ती जाऊ दिली. तुम्हाला जमिनीवर निजलेलं बघायची माझी हिंमत झाली नाही.

हे पत्र टाकणार तरी कुठं? सांगायचं तर चाचींना सांगायला हवं. त्या अजून त्याच घरात राहतात. मी अजून सांगितलेलं नाही.