सलीमभाईंचा रन

शुक्रवार, संध्याकाळ

आज जेवण गेलं नाही. आईला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

आमच्या चाकणच्या ऑफिसात सिम्युलेशनचं, म्हणजे यंत्राचा भाग किती ताण सोसेल ते कॉम्प्युटरवर तपासायचं, लॉगिन एकच आहे. ब्राउझरमध्ये मॉडेल चढवायचं, गणित क्लाउडवर होतं, नेट तुटलं की थांबतं, आणि एका वेळी एकाचंच चालतं. सकाळपासून शेजारच्या टेबलावरच्या सलीमभाईंच्या ब्रॅकेटचा रन, म्हणजे तेच गणित, चालू होता आणि माझं मॉडेल चढवायचं राहिलेलं, मीटिंग तोंडावर आलेली. ते नमाजला गेले तसा मी त्यांचा रन बंद केला. स्क्रीनने विचारलंही, ‘नक्की थांबवायचं?’ मी ‘हो’ दाबलं. त्यांना एक फोन करायला काय झालं होतं मला?

परत आल्यावर ते म्हणाले, “नेट गेलं वाटतं.” मी मीटिंगचे कागद उचलले. काम वेळेत झालं नाही म्हणून सरांची माफीही त्यांनीच मागितली.

आज त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे आलेत. तिथेच लॅपटॉप शेजारी ठेवून बसले असतील, पुन्हा नेट जाईल या धास्तीने. आत्ता लॉगिन उघडून पाहिलं, त्यांचा रन चालू आहे. ‘थांबवा’चं बटण तिथेच.

निघताना त्यांनी मलाच विचारलं होतं, “तुझं तरी पूर्ण झालं ना, पोरी?”

तिथेही मी ‘हो’च म्हटलं.