सहा पेरलेल्या दीर्घिका

३ फेब्रुवारी
झाली! सहावी झाली! हायड्रोजनची गरगरणारी तबकडी, दोन सर्पिल हात, आणि वर रेडिओ दुर्बिणीची खरखर — इतकी की बिचारी जेमतेम दिसते. अगदी खऱ्यासारखी!

आईचा फोन. "अगं, खोट्या दीर्घिका करायचा पगार देतात तुला?" देतात, आई.

४ फेब्रुवारी
पेरल्या! आकाशाच्या एका रिकाम्या तुकड्याच्या खऱ्या नोंदींत सहाही मिसळून टाकल्या. जागा कागदावर लिहून पाकीट बंद, पाकीट सरांच्या खणात. माझ्या पद्धतीने त्या शोधणार आमची सीनियर — तिच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून घार. किती पेरल्या हेही तिला सांगायचं नाही.

सर म्हणाले, "पाच तरी सापडल्या तर मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागू. नाहीतर अंधुक दीर्घिका शोधायची तुझी ही पद्धत बासनात."

तीन वर्षं घातलीत मी!

७ फेब्रुवारी
घारीला चहाला गाठलं. काही दिसलं का? "चहा पी."

९ फेब्रुवारी
तिने दार लावून घेतलंय!!

११ फेब्रुवारी
माझ्या कर्माला काय म्हणू! सहाही एकाच बाजूला फिरतायत. सगळ्यांची वरची कड आपल्याकडे येणारी — पहिलीचा फिरण्याच्या दिशेचा आकडा पुढच्या पाचही जणींना तसाच चिकटवला मी, शहाणीने. घारीने छाप ओळखून शोधल्या असतील तर चाचणी फुकट.

सरांना सांगून टाकलं. म्हणाले, "यादी तर येऊ दे."

१२ फेब्रुवारी
सहाच्या सहा!!! सर पाकिटातून एकेक जागा वाचत होते, घार यादीवर खूण करत होती. मी खुर्चीवर बसूच शकले नाही.

"एका साच्यातून काढल्यास ना गं?" घार म्हणाली. "पण सगळ्या सापडेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही." म्हणजे चाचणी खरी! सर चक्क हसले. अर्ज उद्याच लिहायचा! किती हलकं वाटतंय, काय सांगू.

निघताना घारीने पाठीत धपाटा घातला. "आणि ती उलटी फिरणारी मला फसवायला टाकलीस होय? बरी सापडली."

कुठली उलटी?

१२ फेब्रुवारी, पुन्हा
पाकिटात सहा. घारीच्या यादीत सात. पेरण्याआधीच्या मूळ नोंदी उघडून पाहिल्या. ती तिथे आहे.