बुटक्याच्या मागच्या चाकांतलं पाणी

४ मार्च
लिहिलं नाही तर डोकं फुटेल. आज चढावर बुटक्याची पुढची चाकं उचलली गेली! चांगली वीतभर! बुटका म्हणजे आमचा जुना, छोटा ट्रॅक्टर — माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मागे ओंडक्यांनी भरलेली ट्रॉली, सीटवर दादा. मी बाजूने चालत होतो. दादाने वेग कमी केला तशी चाकं धपकन खाली. आणि हा हसतोय! "घाबरलास काय, जरा नाचला तो."

५ मार्च
पुढे वजन टांगलं. लोखंडाचे चार ठोकळे, काट्यावर मोजून बावीस-बावीस किलोचे. बोल्ट दोनदा आवळले. वहिनी म्हणाली, "भावजी, एवढी काळजी बायकोची घ्याल ना, तर कुणीही मुलगी देईल."

६ मार्च
चढ झकास गेला. एकही चाक उचललं गेलं नाही.
पण उतारावर — ट्रॉलीने मागून रेटलं आणि बुटका आडवा घसरत गेला. थांबला तेव्हा दरीच्या कडेपासून हातभर लांब. हातभर!

७ मार्च
ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. ठोकळे बघून त्याने कपाळावर हात मारला.
"शहाण्या, याला ब्रेक कुठे असतात?"
मागच्या चाकांना.
"आणि पुढे एवढं वजन टांगलं की मागचं काय होतं?"
हलकं होतं. एवढी साधी गोष्ट! मी दादाचा जीव घ्यायला निघालो होतो. बोल्ट दोनदा आवळून.


८ मार्च
पुढचे दोन ठोकळे काढले. मागे वजन वाढावं म्हणून मागच्या टायरांत पाऊणभर पाणी भरलं, चाकांना लोखंडी चकत्या बसवल्या. पुढची चाकं उचलू नयेत म्हणून ट्रॉलीचा हूक खाली घेतला. मिस्त्री म्हणाला, "आता हत्ती बांध मागे. फक्त उताराच्या आधीच पहिला गिअर टाकायचा, आणि माल निम्मा."

१० मार्च
परत घसरला. निम्मा माल, पहिला गिअर, तरी! दादा म्हणाला, "तुझंच काहीतरी मोजायला चुकलं असेल." सगळं पुन्हा मोजलं. तीन वेळा. कुठेच चूक नाही.

११ मार्च
आरागिरणीत दादा ओंडके उतरवत होता. जिथे जाईल तिथे लाल ठसे. उजव्या चपलेतून खिळा आरपार टाचेत — आणि हा शीळ घालतोय!
"दादा, पाय!"
त्याने खाली पाहिलं. मग माझ्याकडे. मग म्हणाला, "वर्ष झालं. ब्रेकवर पाय आहे की नाही, मला कळतच नाही रे. तुझ्या वहिनीला सांगू नकोस."
त्याला दवाखान्यात पोहोचवलं. बुटका आरागिरणीतच उभा आहे. मला चालवता येत नाही.
वहिनी आत्ताच विचारून गेली, "भावजी, खिळ्याचं समजलं. पण बुटक्याची किल्ली यांच्याऐवजी तुमच्याकडे कशी?"